सर, हे झोपेचं सोंग नाहीये

मा. प्राचार्य, व्यवस्थापन मंडळाचे सगळे सदस्य, आणि पुण्यातल्या बाकीच्या कॉलेजांमध्ये टाइमटेबल आणि अटेंडन्सचे नियम जे कोणी ठरवतात ते सगळे,

सादर नमस्कार.

मी टीवाय बीकॉमला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाहीये कारण मला कॉलेजची बदनामी करायची नाही, मला तिथूनच डिग्री घ्यायची आहे आणि तिथल्या एका मॅडममुळेच मला कॉस्टिंग आवडायला लागलं, नाहीतर मी तो विषय कधीच सोडून दिला असता. या पत्राआधी मी ऑफिसमध्ये दोन अर्ज दिले, एक जुलैमध्ये आणि एक ऑगस्टमध्ये. दोन्हीवर आवक-जावकचा शिक्का आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

झालंय असं की या वर्षीपासून टीवायची दुपारची बॅच बंद केली. पहिली दोन वर्षं मी दुपारच्या बॅचला होते, साडेबाराला लेक्चर सुरू व्हायचं, माझी अटेंडन्स 80 च्या खाली कधी गेली नाही आणि गेल्या सेमला 8.2 एसजीपीए आहे. आता सगळ्यांना सकाळी 7:20. आणि त्याच महिन्यात दुसरी नोटीस लागली की मेडिकल सर्टिफिकेट फक्त हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असाल तरच धरलं जाईल, सोबत डिस्चार्ज कार्ड जोडा. दोन नोटिसा दोन वेगळ्या टेबलांवरून निघाल्या असतील, पण माझ्यासाठी त्या दोन्ही मिळून एकच आहेत. पहिलीने मला वर्गाबाहेर काढलं आणि दुसरीने का बाहेर आहे हे सांगायची सोय काढून घेतली.

मला इडिओपॅथिक हायपरसोम्निया आहे. हा झोपेचा आजार आहे, न्यूरॉलॉजीतला. इडिओपॅथिक म्हणजे कारण अजून सापडलेलं नाही असा. झोप येत नाही असे लोक तुम्ही पाहिले असतील, माझं उलटं आहे, झोप संपतच नाही. रात्री साडेनऊला झोपते, दहा-अकरा तास गाढ झोप होते, मध्ये उठत नाही, घोरत नाही, आणि तरी सकाळी अंगात असं काही असतं की जणू आत्ताच डोळा लागला होता. दुपारी झोपले तरी ताजं वाटत नाही, उलट जास्त जड होतं. पण या सगळ्यापेक्षा अवघड आहे ते उठणं, आणि ते नेमकं काय असतं हे मला तुम्हाला नीट सांगायचंय, कारण मला वाटतं आपला सगळा घोळ "उठणं" या एका शब्दापाशी आहे. तुम्ही म्हणता उठायचं म्हणजे उठायचं. तुमच्यासाठी ते बरोबरच आहे.

आम्ही धनकवडीत राहतो, दोन खोल्या. आई पोळी-भाजीचे डबे करते, रोजचे पस्तीसेक होतात, त्यामुळे आमच्याकडे सकाळ चारला सुरू होते. परातीचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, मिरचीचा ठसका, हे सगळं माझ्या उशीपासून आठ-दहा फुटांवर चालू असतं आणि मी झोपलेली असते. सव्वापाचला आई पिठाचा हात धुऊन येते, माझं डोकं उचलते, गोळी तोंडात घालते, पाणी पाजते आणि मी गिळलीये का हे गाल दाबून बघते. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय, कारण गोळी अंगात चढायला तास-दीड तास लागतो आणि ती मला जागं ठेवते, जागं करत नाही, म्हणून उठायच्या आधी द्यायची. यातलं मला काहीही आठवत नाही. एक दिवसही आठवलेलं नाही.

मग अलार्म. फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात ठेवून कपाटावर, म्हणजे आवाज घुमतो. ॲप असं आहे की तीन गणितं सोडवल्याशिवाय बंद होत नाही. मी ती सोडवते. खरंच सोडवते, उभी राहून, सतरा साते किती वगैरे, उत्तरं बरोबर देते, परत येऊन आडवी होते आणि नंतर विचारलंत तर मी देवाशपथ सांगेन की अलार्म वाजलाच नाही. मला वाटायचं घरचे वाढवून सांगतात, म्हणून भावाने एकदा व्हिडिओ काढला. त्यात मी गादीवर बसलीये, डोळे उघडे आहेत, आई म्हणतेय चल बाळा सव्वासहा झाले, आणि मी अगदी नॉर्मल आवाजात म्हणते, "हो उठले ना, आधी त्या बाईंना पावती दे." कोण बाई, कसली पावती, काही नाही. मग आई खांद्याला धरून हलवते तर मी तिचा हात झटकते आणि म्हणते, तू जा इथून. मी शुद्धीत असताना आईला तू जा असं आयुष्यात म्हटलेलं नाहीये. तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला, परत बघवला नाही. आईला म्हटलं तू मला सांगितलं का नाहीस मी असं बोलते, तर म्हणाली तू थोडीच बोलतेस ते.

याला डॉक्टरी भाषेत जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ झोपेची नशा असा होतो. हे काही इंटरनेटवरचं नवीन फॅड नाही. प्रागमधले न्यूरॉलॉजिस्ट बेद्रिख रोथ यांनी 1950 च्या दशकात याबद्दल लिहिलं, आणि 1972 मध्ये त्यांनी सोन्या नेवशिमालोवा आणि ॲलन रेश्टशाफेन यांच्याबरोबर अशा 58 पेशंट्सचा अभ्यास छापला. म्हणजे माझे आईबाबा शाळेतही जात नव्हते तेव्हापासून हे लिहून ठेवलेलं आहे. उठल्या उठल्या थोडा वेळ डोकं जड असणं हे प्रत्येकाला होतं, झोपेतून बाहेर येताना मेंदूचे सगळे भाग एकदम जागे होत नाहीत, विचार करणारा, निर्णय घेणारा पुढचा भाग सावरायला वेळ घेतो. बहुतेकांचं ते अर्ध्या तासात उतरतं. माझं उतरायला कधी दोन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात मी चालते, बोलते, पण मी तिथे नसते. जानेवारीत मी ब्रश तोंडात धरून बाथरूमच्या भिंतीला टेकून झोपले आणि खाली गेले, नळावर हनुवटी आपटली, तीन टाके पडले.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली अर्थातच सर्टिफिकेटची. माझ्याकडे न्यूरॉलॉजिस्टचं पत्र आहे, स्लीप लॅबचा रिपोर्ट आहे, प्रिस्क्रिप्शन आहे. ते काउंटरवर वाचलंसुद्धा गेलं नाही, "डिस्चार्ज कार्ड आहे का" एवढंच विचारलं. माझ्या आजारात ॲडमिट करत नाहीत. डायबेटिसवाला रोज इन्सुलिन घेतो तो काय रोज ॲडमिट असतो का? हनुवटीचे टाके पण ओपीडीत घातले. म्हणजे मी उद्या नळावर आपटून हातपाय मोडून घेतला तर माझी मेडिकल चालेल, आणि जपून राहिले तर चालणार नाही, असा या नियमाचा अर्थ होतो. नियम करताना कोणाच्या मनात असं नसणार हे मला कळतं, खोट्या सर्टिफिकेटांना आळा घालायचा म्हणून केला असेल, आणि खोटी सर्टिफिकेटं येतात हेही खरं आहे, आमच्याच वर्गात आलीयेत. पण मग खोटं शोधा ना, खऱ्यालाच का बाद करता.

हा रिपोर्ट मिळवायला काय लागलं ते पण ऐका. त्रास अकरावीत सुरू झाला. आधी सगळे म्हणाले वय आहे, मग हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12, डी, सगळं तपासून झालं, डी कमी निघालं, सॅशे घेतले, काही फरक नाही. एका डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या, त्या आठ महिने घेतल्या. आत्याने अंगारा आणून उशीखाली ठेवला. एफवायला असताना एका न्यूरॉलॉजिस्टनी पहिल्यांदा विचारलं की आधी दोन आठवडे रोज किती वाजता झोपतेस, किती वाजता उठतेस ते वहीत लिहून आण. ती वही बघून त्यांनी स्लीप लॅबला पाठवलं. तिथे रात्रभर डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवून झोपवतात, आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडत नाहीत, दर दोन तासांनी एकदा, असं पाच वेळा अंधाऱ्या खोलीत आडवं करतात आणि झोप लागायला किती मिनिटं लागतात ते मोजतात. वीस मिनिटांची संधी असते. सरासरी 8 मिनिटं किंवा कमी आली तर ती आजाराची खूण धरतात. माझी सरासरी साडेचार आली, रात्रभर नऊ तास झोपून उठल्यावर साडेचार. स्वप्नांची झोप लवकर लागते का तेही बघतात, त्यावरून नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा दुसरा एक आजार, आहे का ते कळतं, माझ्यात तसं निघालं नाही. त्या टेस्टचे पैसे आईने भिशीतून उचलले. म्हणून तो कागद काउंटरवरून वाचल्याशिवाय परत सरकवला गेला तेव्हा मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

ही पाच वेळा झोपायची टेस्ट ज्यांनी बसवली त्यातल्या एक मेरी कार्सकॅडन, अमेरिकेतल्या, स्टॅनफर्डमध्ये विल्यम डिमेंट यांच्याबरोबर 1970 च्या दशकात हे काम झालं. याच बाईंनी पुढे दाखवून दिलं की वयात येताना मुलामुलींच्या शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी उशिरापर्यंत हवी असते. मला हे वाचून खूप बरं वाटलं होतं, की माझा आजार मोजणारी आणि माझ्या वर्गातल्या सगळ्यांची पेंग समजून घेणारी बाई एकच आहे. ती पेंग का येते त्यावर पुढे लिहिते.

दुसरी तक्रार डिफॉल्टर लिस्टची. सप्टेंबरमध्ये नोटीस बोर्डवर लागली, रोल नंबर, नाव, टक्के. माझे 41 टक्के. खाली लाल पेनने लिहिलं होतं, वरील विद्यार्थी गैरहजेरीबाबत गंभीर नाहीत. सर, मी रोज येते. हे कोणी पाहिलंच नाही. मी रोज सव्वानऊ ते साडेनऊच्या मध्ये गेटमधून आत येते, सही करते, आणि उरलेली लेक्चर्स सगळी बसते. पहिली तीन लेक्चर्स गेलेली असतात आणि त्यातली दोन रोज त्याच दोन विषयांची असतात म्हणून त्या विषयांत माझी अटेंडन्स शून्याला टेकलीये. 41 टक्के म्हणजे मी निम्मे दिवस घरी असते असं वाचणाऱ्याला वाटतं. एकही दिवस घरी नसते.

तिसरी, "गाडी घे" हा सल्ला. मला हा सल्ला तीन वेळा मिळालाय, दोनदा ऑफिसमधून आणि एकदा एका सरांकडून, की धनकवडीवरून गाडीने पंधरा मिनिटं, बसच्या भानगडीत कशाला पडतेस. माझ्याकडे लायसन्स आहे. पण पूर्ण जाग आल्याची खात्री असल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, आणि सकाळी सातला सातारा रोडला मी अर्धवट झोपेत गाडी चालवली तर मी एकटीच मरेन असं नाही ना. बाबा रिक्षा चालवतात, ज्या दिवशी त्यांना शाळेच्या मुलांची फेरी नसते त्या दिवशी ते सोडतात. अशा चार दिवशी मी 7:20 ला वर्गात होते. त्या चारही दिवसांच्या माझ्या वह्या मी अर्जाला जोडल्या होत्या. अक्षर बघा. पहिल्या ओळीत मार्जिनल कॉस्टची व्याख्या सुरू होते आणि चौथ्या ओळीपर्यंत नुसती रेघ होते जी पानाच्या खाली उतरत जाते. त्या दिवशी मी हजर होते, रजिस्टरमध्ये पी आहे.

चौथी. ही लिहायला जड जातंय. डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर पालकांना बोलावलं. बाबांनी त्या दिवशीची रिक्षा बंद ठेवली, इस्त्रीचा शर्ट घातला. केबिनमध्ये सर त्यांच्यासमोर म्हणाले, "काका, झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही." सरांना ही म्हण सुचली, ते बोलून गेले, त्यांच्या लक्षातही नसेल. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी अकरावीपासून मला उठवलंय, त्यांना माहितीये सोंग कसं दिसतं आणि हे कसं दिसतं. जिना उतरताना फक्त म्हणाले, चहा घेऊया का. आम्ही चहा घेतला आणि दोघांपैकी कोणी काही बोललो नाही.

त्या म्हणीबद्दल मला एकच सांगायचंय. मला लहानपणापासून सूर्यवंशी म्हणतात, कुंभकर्ण म्हणतात, मामा अजूनही फोनवर पहिलं वाक्य "उठलीस का" हेच बोलतो, मला त्याचं काही वाटत नाही, घरचे लोक आहेत. पण ज्या माणसाच्या सहीवर माझं हॉल तिकीट अवलंबून आहे त्याने मला खोटारडी म्हणणं वेगळं असतं. सोंग घेणारा आईचा हात झटकून दुसऱ्या दिवशी रडत नाही.

आणि पाचवी तक्रार त्याच दिवशीची, हमीपत्र. छापील फॉर्म होता, त्यात "माझ्या निष्काळजीपणामुळे व आळसामुळे माझी उपस्थिती कमी झाली असून" असं आधीच टाइप केलेलं होतं, मी फक्त नाव भरायचं आणि सही करायची. मी म्हटलं या जागी आजार असं लिहू का, तर सांगितलं फॉर्मॅट बदलता येत नाही. सही केली नाही तर फॉर्म पुढे जाणार नव्हता. मी सही केली. बाबांनी पालक म्हणून खाली केली.

आता थोडं माझ्या पलीकडचं. 7:20 ला लेक्चर का, तर एकाच इमारतीत दोन सत्रं बसवायची असतात, दुपारी ज्युनियरची मुलं येतात, खोल्या कमी आहेत, आणि बरीच मुलं दुपारनंतर नोकरी करतात किंवा सीएची आर्टिकलशिप करतात त्यांना सकाळ सोयीची पडते. हे मला मान्य आहे. प्राध्यापकांनाही सहाला घर सोडावं लागतं हे पण कळतं, काही जण तर पार चाकणवरून येतात. पण वर्गात मागच्या बाकावरून बघा, साडेसातला साठातली निम्मी मुलं पेंगत असतात आणि त्यांना कोणालाच माझा आजार नाहीये. म्युनिकचे टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा गोळा करून 2004 मध्ये मांडलं की माणसाचं शरीराचं घड्याळ वयाच्या विशीच्या आसपास सगळ्यात जास्त उशिरा चालत असतं आणि तिथून पुढे परत मागे यायला लागतं. विशी म्हणजे टीवायच. ज्या वयाला सकाळ सगळ्यात कठीण जाते त्याच वयाला आपण सगळ्यात लवकर बोलावतोय. कॅलिफोर्नियात 2022 पासून कायदाच लागू झालाय की हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही (थोडे ग्रामीण अपवाद सोडून). तिकडचं कशाला, आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप होत नाही म्हणून शाळेच्या वेळा बदलायला सुचवलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग 9 किंवा त्यानंतर भरवा असं काढलं. म्हणजे झोप हा वेळापत्रकाचा विषय आहे हे सरकारने मान्य केलेलं आहे. चौथीच्या पुढे गेल्यावर झोपेची गरज संपते असं तर कोणी म्हणत नाहीये.

आपल्या जिन्यातल्या सुविचाराच्या फळ्यावर "लवकर निजे लवकर उठे" कायमचं ऑइलपेंटने लिहिलेलं आहे. लहानपणी मी ते वहीत दहादा लिहिलंय, आणि मी लवकर निजते सर, माझ्या वर्गात माझ्याएवढी लवकर कोणी निजत नसेल. फोन रात्री नऊला आई काढून घेते, बाहेर जाणं नाही, लग्नाला गेलो तरी मी जेवून आठला परत, गणपतीत मंडळाचे देखावे बघायला सगळी बिल्डिंग रात्री बाहेर पडते तेव्हा मी झोपलेली असते, अकरावीपासून मी विसर्जन मिरवणूक पाहिलेली नाही. उठण्यासाठी माणूस जेवढं करू शकतो तेवढं आम्ही चौघं मिळून करतो. याच्या पुढे करायला आमच्याकडे काही उरलेलं नाही.

कोणी म्हणेल मग अपंगत्वाचं सर्टिफिकेट आण. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार दिलेत, मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची नावं आहेत, माझ्या आजाराचं नाव कुठेच नाही. त्याच कायद्यात रीझनेबल अकॉमोडेशनची व्याख्या आहे, म्हणजे त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून समोरच्यावर फाजील बोजा न पडता करता येतील असे योग्य ते बदल. मी यादीत नाही म्हणून कायद्याने माझा हक्क पोचतो असा दावा मी करत नाहीये. मी फक्त म्हणतेय की ही कल्पना चांगली आहे आणि ती वापरायला कॉलेजला कोणी अडवलेलं नाही.

औषध घे ना असंही सांगतात. घेते. मोडाफिनिल नावाचं जागं ठेवणारं औषध घेते, त्याने दुपारचा दिवस बराच सरळ होतो, त्याच्याच जोरावर मी दोन वर्षं दुपारच्या बॅचला पहिल्या बाकावर बसले. या आजारासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मंजूर केलेलं पहिलं औषध ऑगस्ट 2021 मध्ये आलं, त्याआधी खास यासाठी असं एकही नव्हतं, सगळी दुसऱ्या आजारांची औषधं उसनी वापरायची. कारणच सापडलेलं नाही तिथे मुळावर घाव घालणारं औषध कुठून येणार. तोपर्यंत मला माझ्या आयुष्याची वेळ बदलून घ्यावी लागेल आणि मी ती घेतेय, एमकॉम झालं की कॉस्ट अकाउंटंटच्या ऑफिसमध्ये अकरा ते आठ अशी नोकरी शोधणार आहे, अशा नोकऱ्या पुण्यात आहेत. तिथपर्यंत पोचायला मधे ही डिग्री आहे.

मागण्या मोजक्या आहेत.

दीर्घकाळच्या आजारासाठी वर्षाच्या सुरुवातीला एकदा तज्ज्ञ डॉक्टरचं पत्र घ्या, हवं तर डॉक्टरांना फोन करून खात्री करा, हवं तर कॉलेजच्या डॉक्टरांकडून मला तपासून घ्या, पण डिस्चार्ज कार्डाची अट त्यासाठी काढून टाका. हे माझ्यासाठी नाही फक्त. आमच्याच वर्गात एकीला फिट्स येतात आणि एकाला क्रोन्स हा आतड्यांचा आजार आहे, ते दोघंही त्याच लिस्टवर होते.

माझी 7:20 ते 9:30 ची जी लेक्चर्स जातात तेवढे तास मी त्याच दिवशी दुपारी भरून देते. लायब्ररीत सही करून बसेन, त्या विषयांचे जास्तीचे असाइनमेंट द्या, तोंडी परीक्षा घ्या, एसवायच्या वर्गाला मागे बसवून रिव्हिजन करायला लावा, काहीही. कॉलेज दुपारी चालू असतं, लायब्ररी पाचपर्यंत उघडी असते, माणूस बसलेला असतो, जास्तीचा एक रुपया खर्च नाही. सूट मागत नाहीये मी, तास तेवढेच द्यायला तयार आहे. फक्त ते दिवसाच्या दुसऱ्या टोकाला द्यायचेत.

इंटर्नल टेस्ट सकाळी 7:30 ला असते. ती आमच्यासारख्यांसाठी अकराच्या पुढे ठेवा, वेगळा पेपर काढा, जास्त अवघड काढला तरी चालेल. ऑगस्टच्या टेस्टला मी 7:55 ला पोचले, दाराला आतून कडी होती, काचेतून सगळे लिहिताना दिसत होते. त्या विषयाचा आदल्या आठवड्यात मी वर्गातल्या चार जणींना क्लास घेतला होता.

डिफॉल्टर लिस्ट लावायचीच असेल तर नावं न लावता रोल नंबर लावा आणि खाली शेरे लिहू नका.

आणि पुढच्या वर्षीचं टाइमटेबल कराल तेव्हा टीवायची निदान एक तुकडी दुपारी ठेवा. मी तेव्हा तिथे नसेन. पण माझ्यानंतर कोणीतरी असणार आहे, कदाचित आत्ता बारावीला असेल आणि तिला अजून कळलंही नसेल की ती आळशी नाहीये.

हॉल तिकिटं 20 तारखेपासून वाटणार अशी नोटीस आहे. त्याआधी मला लेखी उत्तर हवंय, हो असो किंवा नाही असो, कारणासकट. मी, आई, बाबा, आम्ही कधीही भेटायला येऊ, फक्त दहाच्या पुढची वेळ द्या. स्लीप लॅबचा रिपोर्ट, वही, डॉक्टरांचं पत्र सगळं घेऊन येईन. लागला तर भावाने काढलेला तो व्हिडिओ पण दाखवेन, तो मी कोणालाच दाखवलेला नाही, पण तुम्हाला दाखवेन.

शेवटचं, ते हमीपत्र. ते माझ्या फाईलमध्ये आहे, त्यावर माझी आणि बाबांची सही आहे आणि त्यात आळस आणि निष्काळजीपणा असे दोन शब्द आहेत. मला ते परत द्या. त्याच्या जागी मी दुसरं लिहून देते, माझ्या हाताने, त्यात आजाराचं नाव असेल, मी काय करू शकते आणि काय नाही ते असेल, आणि त्याखाली बाबा पुन्हा सही करतील.

आपली,
टीवाय बीकॉमची एक विद्यार्थिनी
धनकवडी, पुणे